परभणीच्या विद्यार्थ्याला: कॅमेरा विकू नकोस, आधी ऊन आणि वीज मोज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत परभणीच्या एका विद्यार्थ्याचं पत्र छापून आलं आहे. तो छायालेखन शिकतो आहे, मे महिन्यात गावाकडे लघुपट करणार आहे आणि त्याला चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. दुपारचं चित्रण बटबटीत का दिसतं? घरातल्या दृश्यांत काळे पट्टे का सरकतात? हाताशी असलेला जुना कॅमेरा विकून नवा घ्यावा का? आणि फिल्मवर हात बसल्याशिवाय हे काम येतं का? मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आज अशी मुलं-मुली मोबाइलवर, उसन्या कॅमेऱ्यावर लघुपट करत आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचणारी माहिती मात्र बहुतेक थंड देशांतल्या मऊ उजेडाची किंवा मुंबईच्या स्टुडिओतली असते. आपल्याकडचं ऊन आणि आपल्याकडची वीज वेगळी आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो आहे. जागा द्यावी ही विनंती.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. कॅमेरा विकू नये. पत्रात लिहिलेला एकही दोष त्या कॅमेऱ्याचा नाही. नवा आणला तरी तेच ऊन आणि तेच पट्टे त्यात उतरतील.

उन्हापासून सुरुवात करू. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सूर्य मराठवाड्यात थेट डोक्यावर येतो. लातूर-धाराशिवकडे आधी, मग नांदेड-परभणीला, संभाजीनगरला २० मेच्या आसपास. शाळेत ज्याला शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. आपल्या भागात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून गेलेले असतात, साधारण सव्वाबारा ते साडेबारा. या उन्हात कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालफडं चकाकतात आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. नटाने कितीही जीव ओतला तरी डोळेच दिसत नसतील तर प्रेक्षकाला काही मिळत नाही. सकाळी साडेनऊला आणि दुपारी साडेतीनला हाच सूर्य ४५ ते ५० अंशांवर असतो आणि चेहऱ्याला आकार देतो. म्हणून वेळापत्रक कथेच्या क्रमाने न लावता उन्हाच्या क्रमाने लावावं. शेत, रस्ता, गाव दाखवणारे वाइड शॉट साडेनऊच्या आत आणि साडेतीनच्या पुढे घ्यावेत. मधल्या वेळात जवळचे शॉट, तेही सावलीत.

सावलीतही जागा निवडावी लागते. ओसरीत नटाला सावलीच्या कडेपासून तीन-चार फूट आत, अंगणाकडे तोंड करून उभं करावं. अंगणातल्या उन्हाचा परतलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो, एकही दिवा लागत नाही. हा उजेड खालून येतो, त्यामुळे हनुवटीखाली जास्त उजळ वाटलं तर नटासमोर जमिनीवर काळी घोंगडी अंथरावी. एका गालाला खोली हवी असेल तर तीच घोंगडी त्या बाजूला, चौकटीच्या जेमतेम बाहेर, उभी धरावी. कडुलिंबाखाली चित्रण करताना पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो, शिवाय चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडतात. झाडाच्या दाट बाजूला जावं आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात लावायचा रंगाचा मेळ, तिथेच, पांढऱ्या कागदावर लावावा. ऑटो व्हाइट बॅलन्स कधीही ठेवू नये. नट हलला, मागची भिंत बदलली की शॉटच्या मध्येच रंग सरकतो आणि एडिटिंगमध्ये तो सावरता सावरत नाही. उन्हात ५६०० केल्विनवर (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पक्का करून टाकावा.

उघड्या रानात सावली नसेल तर ती उभारावी लागते. यासाठी अनेक जण शेतातली हिरवी शेडनेट ताणतात. तसं करू नये. चेहरे हिरवे पडतात आणि जाळीची नक्षी अंगावर उमटते. १२ बाय १२ फुटांचा मांजरपाट शिवून घ्यावा, खळ जाईपर्यंत दोनदा धुवावा, चारही कोपऱ्यांना आणि कडांच्या मध्यावर कड्या लावाव्यात आणि चार बांबूंवर तो नटाच्या डोक्यापासून तीन-चार फुटांवर ताणावा. कापड जितकं उंच जाईल तितका उजेड पुन्हा कडक होतो. दुपारच्या वाऱ्यात हे कापड शिडासारखं फुगतं, म्हणून प्रत्येक बांबूला दोन दिशांना दोर आणि जमिनीत खुंटी हवीच. नुसते हातात धरलेले बांबू नटाच्या डोक्यावर पडतात.

आता यातली खरी अडचण. मांजरपाट चेहऱ्यावरचा उजेड दीड ते दोन स्टॉप कमी करतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), पण मागचं रान उन्हातच राहतं. चेहरा नीट दिसेल असं एक्स्पोजर लावलं की मागचं सगळं पांढरंफटक होतं. कापड ताणलं आणि चित्र आणखी बिघडलं, अशी तक्रार येते ती यामुळे. उपाय कॅमेऱ्यात नाही, जागेत आहे. मागे आकाश किंवा पांढरी वाट न घेता झाडांची रांग, नांगरलेलं काळं रान, विहिरीची सावलीतली भिंत असं गडद काही घ्यावं. कॅमेरा थोडा उंचावून खाली बघायला लावला तरी आकाश चौकटीबाहेर जातं. बाजूने पांढऱ्या कापडाचा किंवा थर्माकोलचा बाउन्स, म्हणजे परतवलेला उजेड, दिला की चेहऱ्यावर अर्धा-एक स्टॉप परत मिळतो. चंदेरी रिफ्लेक्टर थेट डोळ्यांत मारू नये, नट डोळे बारीक करतो.

दुपारचं चित्रण कोरडं आणि तुटक दिसण्याचं दुसरं कारण शटरमध्ये आहे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याचा काळ, १/५० सेकंद हवा, म्हणजे हालचालीला डोळ्यांना सवयीची पुसटता येते. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनक्षमता) १०० आणि शटर १/१०० असताना एफ/१६ लागतो हा जुना नियम. एफचा आकडा भिंगाच्या छिद्राचा, तो जितका मोठा तितकं छिद्र लहान. त्याच हिशेबाने १/५०ला एफ/२२ आला. इतक्या लहान छिद्रावर भिंग मऊ पडतं आणि सेन्सरवरची धूळ आकाशात काळ्या ठिपक्यांनी दिसते. मग बरेच जण एफ/४ ठेवून शटर १/१६००वर नेतात आणि चालणाऱ्या माणसाचे पाय, उडणारा फुफाटा झटक्यांनी हलताना दिसतो. इथे एनडी फिल्टर, म्हणजे भिंगापुढे लावायची उजेड कमी करणारी करडी काच, लागतो. एफ/२२पासून एफ/४ म्हणजे ५ स्टॉप, त्याला एनडी ३२, म्हणजे उजेडाचा ३२वा हिस्साच आत सोडणारा, हवा. एफ/२.८ हवा असेल तर एनडी ६४. लॉग प्रोफाइलमध्ये (ऊन-सावलीचा मोठा पल्ला मावावा म्हणून चित्र फिकं नोंदवण्याची पद्धत) कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ ८०० असेल तर त्यावर आणखी ३ स्टॉप, म्हणजे एफ/२.८साठी थेट एनडी ५१२. मोबाइलचं छिद्र बदलत नाही. एफ/१.८ आणि आयएसओ ५० धरला तर त्यालाही साधारण ६ स्टॉपचा, म्हणजे ६४चा, क्लिपवाला एनडी लावावा आणि शटर हाताने १/५०वर बांधणारं ॲप वापरावं.

स्वस्त व्हेरिएबल एनडी म्हणजे एकावर एक बसवलेले दोन पोलरायझर, ते एकमेकांवर फिरवले की उजेड कमीजास्त होतो. जास्त फिरवला की वाइड भिंगावर फुलीसारखा काळा डाग येतो, आकाश एका बाजूला गडद दिसतं आणि घामाने चमकणाऱ्या त्वचेची जिवंत चकाकीही कमीजास्त होते. एकच घेता येत असेल तर एका ताकदीचा पक्का फिल्टर घ्यावा. ६ स्टॉपच्या पुढे साधा एनडी अवरक्त किरण अडवत नाही, त्यामुळे काळा सिंथेटिक कोट, काळी छत्री तपकिरी-लालसर दिसू लागते. तिथे अवरक्त किरणही अडवणारा आयआर एनडीच हवा. हा रंग नंतर काढायला गेलं की त्वचेचा रंग हातचा जातो.

एक्स्पोजर कशावर ठरवायचं? कॅमेऱ्याच्या पडद्यावर नाही, कारण उन्हात पडदा नेहमी अंधारा वाटतो आणि हात आपोआप जास्त उजेड देतो. मोजमाप चेहऱ्यावर करावं. साध्या प्रोफाइलमध्ये झेब्रा किंवा फॉल्स कलर (चित्रातल्या उजेडाची टक्केवारी पट्ट्यांनी किंवा रंगांनी दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) लावून सावळा चेहरा ४५ ते ५५ टक्क्यांवर, उजळ चेहरा ६० ते ७० टक्क्यांवर ठेवावा. पुस्तकांत जो ७०चा आकडा दिसतो तो गोऱ्या त्वचेचा आहे. आपल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याला तो लावला की त्याचा खरा वर्ण धुऊन निघतो आणि अंगावरचं पांढरं तर पार जळतं. हिशेब असा आहे: धुवट पांढरं धोतर ९० टक्क्यांच्या आसपास उजेड परत टाकतं, सावळी त्वचा ११-१२ टक्के. म्हणजे एकाच उन्हात दोघांत ३ स्टॉपचं अंतर. टोपीखालचा चेहरा सावलीत गेला की आणखी दोन-तीन. कमी क्षमतेच्या प्रोफाइलमध्ये हे सगळं मावत नाही. इथे सगळ्यात स्वस्त इलाज कपडेपटाकडे आहे. धोतर, पटका, टोपी आदल्या दिवशी पातळ चहाच्या पाण्यात बुडवून वाळवावी. पडद्यावर ती पांढरीच दिसते, पण घड्या आणि वीण शाबूत राहतात.

लॉगबद्दल एवढंच सांगतो. कॅमेरा फक्त ८ बिट, म्हणजे रंगांच्या कमी छटा, नोंदवत असेल तर लॉगच्या मोहात पडू नये. रंग चढवताना मेच्या कोऱ्या आकाशात पायऱ्या दिसू लागतात. १० बिट असेल तर जरूर वापरावा. ग्रे कार्ड, म्हणजे मोजमापाचं करडं कार्ड, सोनीच्या एस-लॉग ३ला ४१ टक्क्यांवर आणि पॅनासॉनिकच्या व्ही-लॉगला ४२वर येतं, त्याहून एखादा स्टॉप वर घेतला तर सावल्यांतली खरखर कमी होते.

आता पट्ट्यांकडे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि साधे एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटरचा काळ या ठोक्याला पूर्ण भागणारा असला तर पट्टे येत नाहीत: १/५० किंवा १/१००. बरेच कॅमेरे आणि मोबाइल ३० फ्रेम आणि १/६० शटरवर बांधून येतात, कारण तो ६० हर्ट्झच्या देशांचा हिशेब आहे. मेनूत एनटीएससीच्या जागी पाल करावं आणि २५ फ्रेम घ्यावेत. २४ फ्रेमचाच हट्ट असेल तर शटर १/४८ न ठेवता १/५०, आणि कॅमेरा शटर कोनात मोजत असेल तर १७२.८ अंश. घरातला स्लो मोशन ५० फ्रेम आणि १/१००वर घ्यावा, १२० फ्रेमला पट्टे येणारच. स्वस्त एलईडी पॅनल डिमरने कमी केलं की आतून दिवा चालू-बंद होत राहतो. म्हणून ते पूर्ण क्षमतेवर ठेवून लांब न्यावं. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा, म्हणजे २ स्टॉप कमी. जुन्या डिझेल जनरेटरवर भार बदलला की हर्ट्झही हलतात, आणि चोकवाल्या ट्यूबचे पट्टे १/५०लाही दिसतात. पंपाची मोटार आणि दिवे एका जनरेटरवर चालवू नयेत.

गावात दिवे आणि पंखे लागले की संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं, आणि याचा परिणाम हॅलोजनवर मोठा होतो. २३० व्होल्टचा दिवा १८० व्होल्टवर चालला तर उजेड निम्म्याहूनही कमी मिळतो आणि रंग ३२०० केल्विनवरून २९००च्या आसपास घसरतो, म्हणजे चित्र केशरी होतं. संध्याकाळी सहाला घेतलेला शॉट आणि आठला घेतलेला त्याचा उलट, म्हणजे समोरच्या पात्राचा, शॉट जुळत नाही, तो यामुळे. मल्टिमीटर जवळ ठेवून दर तासाला व्होल्टेज लिहून ठेवावं आणि व्हाइट बॅलन्स पुन्हा घ्यावा. भाराचा हिशेबही करावा. १००० वॅटचा दिवा २३० व्होल्टला साडेचार अँपिअरच्या जवळ घेतो. घरातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणून त्यावर असा एकच दिवा. दोन दिव्यांना १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट हवं. एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडावी, गुंडाळलेली वायर तापून वितळते. आणि खांबावर आकडा टाकून दिवे लावणं पूर्ण बंद करावं. एका शॉटसाठी कोणाचा जीव धोक्यात घालायचा अधिकार आपल्याला नाही.

विजेशिवायही घराच्या आत चांगलं काम होतं. माळवदाच्या घरात एक दार, एक झरोका आणि मातीच्या भिंती असतात, म्हणजे उजेडाची दिशा आयती ठरलेली असते. बाहेर उन्हात मोठा आरसा ठेवून त्याची तिरीप दारातून आत, समोरच्या भिंतीवर टांगलेल्या मांजरपाटावर टाकावी. तिथून परतलेला उजेड सगळी खोली मऊ भरतो. छायालेखक सुब्रत मित्र यांनी १९५६च्या एका चित्रपटासाठी बनारसच्या घराच्या सेटवर कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी १९५९मध्ये आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत आणलं. ही आपल्याच देशातली परंपरा आहे आणि तिला महाग सामान लागत नाही. फक्त सूर्य ४ मिनिटांत १ अंश सरकतो, म्हणजे २० फुटांवर तिरीप जवळपास ४ इंच हलते. आरशापाशी एक माणूस कायम बसवावा आणि टेकच्या आधी खडूने केलेल्या खुणेवर तिरीप परत आणावी.

फोकसबाबत सगळ्यांना एफ/१.८ची ओढ असते. फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी) सेन्सरवर ५० मिमी भिंग, नट ५ फुटांवर, एफ/१.८: स्वच्छ दिसणारी खोली जेमतेम १० सेंटीमीटर. नट बोलताना पुढे झुकला की गेला. एफ/४ला ती २० सेंटीमीटरच्या वर जाते आणि मागचं पुरेसं पुसट राहतं. नवख्या फोकस पुलरला, म्हणजे फोकस सांभाळणाऱ्याला, एवढी सवलत द्यावीच. अंतर टेपने मोजावं, तेही भिंगापासून नव्हे तर कॅमेऱ्यावरच्या सेन्सरच्या खुणेपासून.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मेमध्ये पारा त्यापुढे जातो. कॅमेऱ्यावर पांढरी छत्री, दोन टेकच्या मध्ये कॅमेरा बंद, बॅटऱ्या सावलीतल्या डब्यात. ओलं फडकं गुंडाळू नये. भिंग बदलताना कॅमेरा बंद करून त्याचं तोंड खाली ठेवावं, शक्यतो गाडीत काचा लावून. धूळ आधी ब्लोअरने उडवावी, मगच कापड. काळ्या मातीचा कण कापडाखाली राहिला की कोटिंगवर ओरखडा पडतो. कार्डाचा हिशेब: सेकंदाला १०० मेगाबिटने नोंदवलं तर तासाला ४५ जीबी. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

फिल्मवर शिकल्याशिवाय छायालेखक होता येत नाही हे आता खरं नाही, पण फिल्म जी शिस्त लावते ती मोलाची आहे. १६ मिमीचं १०० फुटांचं रीळ २४ फ्रेमला पावणेतीन मिनिटांत संपतं, ४०० फुटांचं ११ मिनिटांत. ३५ मिमीचे ४०० फूट तर साडेचार मिनिटंसुद्धा पुरत नाहीत. त्यामुळे बटण दाबण्याआधी चौकट, हालचाल, फोकस आणि एक्स्पोजर ठरलेलं असावंच लागतं. हाच सराव आहे त्या कॅमेऱ्यावर करावा. आयएसओ एकच, व्हाइट बॅलन्स एकच, शॉट लगेच परत बघायचा नाही, दिवसभरात एकूण ११ मिनिटंच नोंदवायची. प्रत्येक शॉटचं भिंग, छिद्र, एनडी, वेळ आणि सूर्याची दिशा वहीत लिहायची आणि संध्याकाळी चित्र व वही शेजारी ठेवून बघायचं. सहा महिने असं केलं की मीटरशिवायही उजेडाचा अंदाज एक स्टॉपच्या आत येऊ लागतो.

वेरूळला चित्रण करायची त्याची इच्छा आहे, म्हणून दोन ओळी. वेरूळ आणि अजिंठा दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन चित्रण करायचं तर लेखी परवानगी आधी काढावी लागते. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, तेव्हा दुपारनंतर उजेड आत शिरतो. सकाळी जाऊन काही हाती लागत नाही. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश किंवा स्वतःचे दिवे टाकण्याचा विचारही करू नये.

शेवटी मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या नाट्यशास्त्र व पत्रकारिता विभागांना एक आग्रहाची विनंती. दरवर्षी नवा कॅमेरा घेण्याऐवजी एक लाइटमीटर, चार ग्रे कार्ड, ३२ आणि ६४ ताकदीचे एनडी, एक मल्टिमीटर, दोन मोठे मांजरपाट, दोन आरसे आणि सफाईने फिरणाऱ्या फ्लुइड हेडचा एक भक्कम ट्रायपॉड ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे मुलांना घरी न्यायला द्यावेत. पुण्याची चित्रपट प्रशिक्षण संस्था एफटीआयआय देशभर लहान मुदतीचे अभ्यासक्रम चालवते. त्यातला छायालेखनाचा एखादा मेच्या उन्हातच, लातूर, नांदेड किंवा परभणीत भरवण्यासाठी विभागांनी एकत्र येऊन पत्र पाठवावं. परभणीच्या त्या विद्यार्थ्याचा लघुपट मेमध्ये आहे, तेव्हा निदान एनडी आणि मांजरपाट त्याच्या महाविद्यालयाने एप्रिलअखेर त्याच्या हातात द्यावेत.

आपला,
एक छायालेखक
छत्रपती संभाजीनगर